कुंपणाखालचे सदतीस

"मावशी, इथे कुठे मांजर बघितलंत का?"

पाखरांच्या ताई कुंपणापाशी गुडघे टेकून बसल्या होत्या आणि झुडपांच्या बुंध्याशी टॉर्च मारून बघत होत्या. सकाळचे आठ वाजून गेले होते, चांगलं लख्ख उजाडलं होतं, तरी टॉर्च. मावशींनी खराटा भिंतीला टेकवला आणि जे खरं होतं ते सांगितलं. मांजर नव्हतं. पूर्वी एक होतं, पण ते समोरच्या छापखान्यात राहायला गेलं त्यालाही वर्ष झालं. तिथे त्याची बडदास्त चांगली ठेवतात.

ताईंनी मग कुत्र्याचं विचारलं. गेटवर दोन वॉचमन असताना कुत्र्याची आत यायची काय बिशाद, असं मावशी म्हणाल्या. मुंगूस? घूस? कावळे? ताई एकेक नाव घेत गेल्या आणि मावशी मान हलवत गेल्या. शेवटी मावशींनाच राहवेना.

"पण ताई, हरवलंय काय तुमचं?"

"पिल्लं," ताई म्हणाल्या. "दहा पिल्लं. मेलेलीच होती. काल संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर मीच ठेवून गेले होते."

मावशींनी भिंतीचा खराटा पुन्हा हातात घेतला. ती दहाच्या दहा पिल्लं आज पहाटे त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरली होती, आणि ताई आत्ता त्या मातीपासून चार हातांवर बसल्या होत्या.

मावशींना सख्खी भाची एकच, पण त्या इमारतीत त्यांना मावशी म्हणणारी माणसं चारशेच्या वर होती. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. अकरा वर्षं त्या या इमारतीचं आवार झाडत होत्या. आतली फरशी पुसायला दुसऱ्या बायका होत्या, त्यांच्याकडे यंत्रं होती, पण बाहेरचं सगळं मावशींच्या खराट्याखाली. पहाटे साडेपाचला त्या गेटातून आत शिरत, तेव्हा आवार त्यांचं एकटीचं असे. झाडायला सुरुवात तळ्याच्या बाजूने करायची आणि शेवट पायऱ्यांशी. मध्ये एकदा नळावर पाणी प्यायचं. नऊ वाजता माणसं यायला लागली की पायऱ्यांच्या कडेला उभं राहून आपण झाडलेल्या जागेवरून त्यांना चालताना बघायचं. या पाच मिनिटांसाठी मावशी काम करत असाव्यात असं मला वाटतं. पगार तर सगळ्यांनाच मिळतो.

पहिल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली होती. लोक यायच्या आत आवारात काही म्हणजे काही दिसता कामा नये. मावशींनी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. पान दिसायचं नाही, कागद दिसायचा नाही, सिगारेटचं थोटूक दिसायचं नाही.

इमारत साधीसुधी नव्हती. ती हरित होती. म्हणजे रंगाने करडीच, पण पावसाचं पाणी साठवायची, भिंती उन्हाळ्यात तापू द्यायची नाही, आणि मागे एक जुनं तळं होतं ते बुजवायच्या ऐवजी राखलेलं. तळ्याकाठी लव्हाळी होती, त्यात पाखरं होती. गच्चीवर तीन छोट्या पवनचक्क्या होत्या, त्यांच्यावर जिन्यातले आणि वाहनतळातले दिवे चालत. आता वाऱ्यावर वीज करायची तर पाती फिरणार, आणि पाखरं सांभाळायची तर ती उडणार, आणि दोघांना लागणारी हवा एकच. इमारतीला हरित म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळींनी म्हणूनच अट घातली होती. वर्षभर पवनचक्क्यांच्या खाली मेलेली पाखरं आणि वटवाघळं मोजा आणि मग आमच्याकडे या.

त्यासाठी ताई येत. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठला, वही घेऊन. इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत चालायचं, दोन पावलं सरकायचं, परत यायचं. मान खाली. दहा महिने त्या अशा चालल्या आणि दहा महिने त्यांनी वहीत शून्य लिहिलं.

आता इथेच सगळी गंमत होती. ताई काय शोधतात हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. पाखरांच्या ताई म्हणजे तळ्यावरची पाखरं मोजतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यातली एखादी वर्षभरात मरून पडली तर ती कुणाला हवी असेल, असं डोक्यात यायला तसंच शिक्षण पाहिजे. मान खाली घालून ताई आवारात फिरतात ते झाडलोट तपासायला, अशी मावशींची पक्की समजूत होती. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी त्या जास्तच हात चालवत. एकदा ताई चालून झाल्यावर वही मिटत म्हणाल्या होत्या, "आजही काही नाही, छान." मावशी त्या दिवशी घरी जाईपर्यंत खुशीत होत्या.

पाखरं पडत होती. आधी ती मांजर नेत असावं, पण ते गेल्यापासून मावशींना सापडू लागली होती. आठवड्यातून एखादं, कधी पंधरा दिवस काही नाही, कधी एका आठवड्यात चार. पहिलं सापडलं तेव्हा मावशींनी ते सुपलीत घेतलं खरं, पण कागदी कप आणि केळीच्या सालींबरोबर पोत्यात टाकायला त्यांचा हात होईना. अजून मऊ होतं ते. त्यांनी लॉबीतून कालचं वर्तमानपत्र आणलं, त्यात त्याला गुंडाळलं आणि नळाजवळ कुंपणाखाली खुरप्याने वीतभर उकरून पुरलं. दुसरं त्याच्या शेजारी, दीड वितीवर. तिसरं त्याच्या पुढे. हे काही फार मोठं दयेचं काम आपण करतोय असं त्यांना वाटलं नव्हतं. वरून जे पडतं ते उचलायचं, एवढंच. आणि उचललेलं नीट ठेवायचं.

त्या मंगळवारी पहाटे मात्र त्या हादरल्या होत्या. दहा पिल्लं, एकाच सकाळी, आणि प्रत्येकाच्या पायाला हिरवा दोरा. कुणीतरी हौसेने पाळलेली असणार आणि काहीतरी घोर झालं असणार, अशी त्यांनी कल्पना केली. त्यांना ओळीने पुरताना मावशींच्या डोळ्यांत पाणी होतं, हे खोटं कशाला सांगायचं.

साहेब आले तेव्हा ताईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ती पोल्ट्रीत मेलेली लावा पक्ष्यांची पिल्लं होती, मुद्दाम आणलेली. पाखरू मरून पडल्यावर ते इथे किती दिवस राहतं, की त्याआधीच कुणी प्राणी ते उचलून नेतो, हे बघायचं असतं. अहवाल पाठवण्याआधीची ही शेवटची चाचणी. आणि एका रात्रीत दहाच्या दहा गेली, तर दहा महिन्यांच्या शून्याला अर्थच उरत नाही. पाखरं पडतही असतील आणि आपण यायच्या आत गायब होत असतील.

साहेबांनी विचार केला आणि मुंगसासाठी पिंजरा मागवायला सांगितलं. मावशी तिथेच, आठ पावलांवर, खराटा घेऊन उभ्या होत्या. इतक्या लोकांसमोर, साहेबांसमोर, काय म्हणायचं? की मुंगूस मीच?

दुपारी जेवायला पंखेवाला खाली आला. पंखेवाला म्हणजे त्या तीन पवनचक्क्यांचा मेकॅनिक. पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा, मग लिफ्टवाल्या कंपनीने त्याला घरी बसवलं, दीड वर्ष तो बसला, आणि मग इथे लागला. त्यामुळे पवनचक्क्यांवर त्याचा फार जीव. त्यांना तो थोरली, मधली आणि धाकटी म्हणायचा. धाकटी तळ्याच्या बाजूची, वारा सगळ्यात आधी तिला लागायचा आणि ती सगळ्यात जास्त वीज द्यायची, म्हणून लाडकी. गेल्या तीन वर्षांत मावशी आणि तो रोज पंपाच्या खोलीत एकत्र डबा खात. मावशींच्या घरचा पंखा त्यानेच बसवून दिला होता, आणि त्यांच्या नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन चार जिने तोच उतरला होता.

त्या दिवशी तो रंगात होता. शेजारच्या नव्या इमारतीवर पाच पवनचक्क्या बसणार होत्या. साहेबांनी शब्द दिला होता की अहवाल शून्याचा गेला की मंजुरी येईल, आणि आठही पवनचक्क्यांचा प्रमुख पंखेवाला होईल. हाताखाली दोन माणसं. टेबल.

"पिल्लांचं लफडं तेवढं मिटू दे," तो म्हणाला. "त्या मुंगसाला धरला की झालं. माझ्या पोरींनी दहा महिन्यांत एक पाखरू मारलं नाही, मावशी. कुणाच्या असतात अशा पोरी?"

मावशी पाणी प्यायल्या आणि भाजी आज जरा तिखट झालीय म्हणाल्या. भाजी तिखट नव्हती आणि ते दोघांनाही कळलं.

मावशींच्या नवऱ्याला गल्लीत सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, शिवणाचे. संध्याकाळी मास्तर कुणाची तरी पँट कमरेत सैल करत बसले होते. मावशींनी सगळं सांगितलं तेव्हा आधी ते इतके हसले की मशीन थांबवावं लागलं. दहा महिने ती बाई वाकून वाकून शोधतेय आणि तू तिच्या पुढे पुढे साफ करत चाललीयस, म्हणजे कमाल झाली, असं ते म्हणाले. मावशी हसल्या नाहीत. मग मास्तरांनी चष्मा काढला.

"तुला कुणी विचारलं होतं का इतके दिवस?"

"नाही."

"मग तू खोटं कुठे बोललीस?"

"आज विचारलंय, अहो. आणि मी मांजर नाही म्हणाले."

पँटची उलटी शिवण मास्तरांच्या मांडीवर होती, ती ते ब्लेडच्या टोकाने उसवत होते. त्यांनी पंखेवाल्याचं काय होईल ते विचारलं. मावशींना तेच सांगता येत नव्हतं. आपण सांगितलं तर त्याचं टेबल जातं. नाही सांगितलं तर शून्य जातं पुढे, आणि त्या शून्यावर पाच नव्या पवनचक्क्या उभ्या राहतात. आणि त्या फिरतात.

"हे बघ," मास्तर शेवटी म्हणाले, "चुकलेली शिवण आहे ती. वरून दुसरी टीप घातलीस तर बाहेरून दिसायचं नाही, पण पँट घालणाऱ्याला ती कायम ओढत राहील." आणि मग जरा थांबून, "पण त्याला आधी सांग. बाकीच्यांच्या तोंडून कळायला नको."

बुधवारी सकाळी मावशी अकरा वर्षांत पहिल्यांदा गच्चीवर गेल्या. पंखेवाला धाकटीपाशी होता. हातात ग्रीसचा डबा, तोंडाने शीळ. मावशींना बघून तो घाबरलाच. मास्तरांना काही झालं का, हाच त्याचा पहिला प्रश्न होता. मावशींना त्यामुळे बोलणं आणखी जड गेलं, पण त्या बोलल्या. एका दमात, खाली बघत. नळापासून सुरू केलंय आणि गेटच्या वळणापर्यंत आलंय, असं त्यांनी सांगितलं.

पंखेवाल्याने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काचेला आपटून मेली असतील," तो म्हणाला. "एवढी काच आहे इमारतीला."

"काही असतील."

"मावशी, दोन महिने राहिलेत. फक्त दोन. उकरू नका. मी पाया पडतो तुमच्या. पाच येणार आहेत, मला टेबल मिळणार आहे."

मावशींनी वर पाहिलं. धाकटी फिरत होती, मजेत. दिसायला देखणी होती यात काही शंका नाही.

"बाबा," त्या म्हणाल्या, "पाच आल्या तर मला कुंपण पुरायचं नाही."

मावशी जिना उतरून खाली आल्या.

ताई त्या दिवशी त्यांचा वार नसतानाही आल्या होत्या. मुंगसाच्या पिंजऱ्यात केळं लावायचं की अंडं, यावर वॉचमनशी त्यांची चर्चा चालली होती. मावशींनी त्यांना बाजूला बोलावलं आणि गेटच्या वळणाशी, कुंपणापाशी नेलं. हातात खुरपं होतं. सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं, असं त्यांना जिना उतरताना वाटलं होतं. त्यांनी शेवटून सुरुवात केली. वर्तमानपत्राची पहिली पुडी निघाली, ताजी, सोमवारच्या तारखेची. उघडली तर आत लाव्याचं पिल्लू, पायाला हिरवा दोरा.

ताई खाली बसल्या. दुसरी पुडी. तिसरी. दहाही निघाली, ओळीने. मग मावशी पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "आता जुनी."

"जुनी म्हणजे?"

"वर्षभरातली. नळापर्यंत आहेत. ही या बाजूची पाखरं. वटवाघळं कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला. एकत्र ठेवायचं मला बरं वाटेना, त्यांचं काही पटलं नसतं."

ताई हसू लागल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. हसताहेत की रडताहेत हे मावशींना कळेना, त्यामुळे त्यांनी खणायचं काम चालू ठेवलं. पुड्यांमागून पुड्या निघाल्या. ताईंनी एक हातात घेऊन वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावरची माती पुसली. कोपऱ्यावर तारीख होती. कालचं वर्तमानपत्र, म्हणजे पुडी दुसऱ्या दिवशीची. प्रत्येक पाखराबरोबर त्याचा दिवस पुरलेला होता. अगदी पहिल्या चार-पाचांचे कागद तेवढे मातीत विरले होते, पण ती कुठल्या महिन्यातली ते मावशींना आठवत होतं. आणि प्रत्येक कुठे पडलं होतं तेही. हे पायऱ्यांशी. हे मोठ्या काचेखाली. हे तळ्याच्या बाजूला, धाकटीच्या बरोबर खाली. आवाराच्या प्रत्येक फरशीशी त्यांची अकरा वर्षांची ओळख होती, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नव्हता. ताई लिहून घेत होत्या.

दुपारपर्यंत सगळं बाहेर आलं. दहा चाचणीची सोडून सदतीस.

साहेब मध्येच आले. गवतावर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर हाडं आणि पिसं ओळीने मांडलेली, आणि मावशी मातीने माखलेल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही पुढे वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतंच. पुरायला कुणी सांगितलं होतं, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तुम्हीच साहेब," मावशी म्हणाल्या. "काही दिसता कामा नये म्हणून."

त्यात कुठेही टोमणा नव्हता. साहेबांना ते कळलं. त्यांनी त्या ओळींकडे बराच वेळ पाहिलं. मग मुंगसाचा पिंजरा परत पाठवायला सांगून ते आत गेले.

पुढचे काही दिवस ताई आणि दोन जण एका खोलीत बसून त्या पुड्यांचा हिशेब लावत होते. पडलेल्या जागांवरून आणि मोडलेल्या हाडांवरून निष्कर्ष निघाला तो असा. सदतीसांपैकी चौदा काचेचे. बाकी तेवीस पवनचक्क्यांचे, आणि त्यातले तेरा एकट्या धाकटीचे. पाखरं बहुतेक थंडीच्या सुरुवातीच्या पाच आठवड्यांतली, दुरून येणारी, तळं बघून खाली उतरणारी. वटवाघळं वारा मंद असलेल्या दिवसांतली, त्या वेळी ती किडे खायला वर येतात आणि पाती जेमतेम फिरत असतात, वीज नावालाच होत असते. म्हणजे थोडी वीज सोडली तर पुष्कळ जीव वाचतात. तारखा नसत्या तर हे कधीच कळलं नसतं, असं ताई दहा वेळा म्हणाल्या. नुसते सदतीस कळले असते आणि मग तिन्ही पवनचक्क्या उतरवा म्हणून कुणीतरी ओरडलं असतं. मावशींनी उगाच मान हलवली. त्यांना एवढंच समजलं की पोरी राहणार होत्या.

ठरलं ते असं. त्या पाच आठवड्यांत उजाडताना आणि दिवेलागणीला पवनचक्क्या बंद. मंद वाऱ्यात एरवीही बंद. मोठ्या काचेवर ठिपक्यांच्या पट्ट्या. आणि शेजारच्या पाच नव्या पवनचक्क्या वर्षभर थांबवायच्या, मग तळ्यापासून लांबच्या बाजूला बसवता येतील का ते बघायचं. पंखेवाल्याचं टेबल त्या वर्षात गेलं.

तो कुणावर ओरडला नाही. ओरडला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. त्याला फक्त खाली येणं नकोसं झालं. डबा तो गच्चीवरच खाऊ लागला. एकदा जिन्यात समोरासमोर आले तेव्हा तो म्हणाला, "चौदा माझे नव्हते." मावशी हो म्हणाल्या. "तेवीस होते," तो म्हणाला आणि वर गेला. पंपाच्या खोलीत मावशी एकट्याच जेवत. डब्यात सवयीने भाजी जास्तीची यायची, ती त्या परत घरी न्यायच्या, आणि मास्तर काही न विचारता रात्री ती संपवायचे.

मावशींचंही एक गेलं होतं. आता जे पडेल ते ताईंनी बघेपर्यंत उचलायचं नाही, असा नियम झाला होता. ताई रोज साडेसातला येऊ लागल्या. तोवर जिथे काही पडलं असेल त्याच्या भोवतीने झाडायचं आणि ते तसंच ठेवायचं. पहिला आठवडा मावशींच्या जिवाला फार लागला. स्वतःच्या आवारात काहीतरी पडलेलं आहे, आपल्याला ते दिसतंय आणि आपण त्याला हात लावत नाही, म्हणजे काय? पण वाईट वाटणं आणि पटणं या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे त्यांना या वयात कळलं, आणि त्या झाडत राहिल्या. बाकी आवार त्यांचंच होतं. पहाटही त्यांचीच होती, आणि आता तर पहाटेच्या मंद वाऱ्यात पाती थांबलेली असल्यामुळे तळ्यावरची किलबिल नळापर्यंत ऐकू यायची. ती मावशींना आवडायला लागली होती.

सगळं थांबलं असं मात्र नव्हे. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी, पवनचक्क्या चालू झाल्यानंतर, पायऱ्यांच्या अलीकडे एक पाकोळी पडली, चिमणीएवढं पाखरू. मावशींच्या समोर पडली. एक पंख पसरलेला, एक मिटलेला. मावशी दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. त्या दिवशी नेमका ताईंना उशीर झाला. आठ वाजले, साडेआठ वाजले, लवकर येणारी माणसं यायला लागली. मावशी पाकोळीच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून. लेखा विभागातल्या एक बाई थबकल्या आणि म्हणाल्या, "मावशी, अहो हे उचला ना."

अकरा वर्षांत मावशींना कुणी काही उचलायला सांगितलं नव्हतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"उचलते," त्या म्हणाल्या. "जरा वेळाने."

माणसं वाढत गेली. काही बाजूने जात, काही मोबाईल बघत सरळ येत, आणि मावशी खराटा आडवा धरून त्यांना वळवत. तेवढ्यात जिन्याच्या दारातून पंखेवाला बाहेर आला. त्याने एकदा खाली पाहिलं, एकदा वर, धाकटीकडे. मग तो आला आणि पाकोळीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. येणाऱ्यांना हात लांब करून, "इकडून जा, इकडून," असं सांगत राहिला. लोकांना वाटलं फरशी ओली आहे.

ताई धापा टाकत आल्या. गुडघ्यांवर बसल्या, पंख मोजला, पाय बघितला, वेळ विचारली. मावशींनी मिनिटासकट सांगितली. वहीत लिहून झाल्यावर ताईंनी फोटो घेतला आणि त्या उठल्या.

"माझं झालं, मावशी. आता घ्या."

मावशी लॉबीत जाऊन कालचं वर्तमानपत्र घेऊन आल्या. त्यांनी पाकोळीचा पसरलेला पंख मिटवला आणि तिला कागदात घेतलं. वळून बघतात तो पंखेवाला जागेवर नव्हता. नळापाशी ठेवलेलं खुरपं घेऊन तो कुंपणाखाली उकिडवा बसला होता आणि खणत होता. असलं काम त्याने कधी केलेलं नसावं. माती सगळीकडे उडत होती, झुडपाच्या मुळ्या तुटत होत्या, आणि तरी तो थांबत नव्हता.

एका पाकोळीच्या मानाने खड्डा फारच मोठा झाला. मावशी त्याच्या शेजारी बसल्या आणि पुडी त्याच्या हातात दिली.